कानाने जुळवलेले त्रेचाळीस माईक

"तुमचा माईक चावतो हो, ताई," पुण्याचे ते स्टुडिओवाले गृहस्थ सकाळी साडेदहाला फोनवर म्हणाले, आणि माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न जिथं होतं तिथंच थांबलं. सूर अगदी सभ्य होता. पुण्याची माणसं तक्रार करायची झाली की आधी चार गोष्टींचं कौतुक करतात, तेही त्यांनी केलं. आवाजात वजन आहे, खरखर नावाला नाही, दिसायलाही देखणा आहे. "पण स आला की चावतो. श आला की जास्त. आमच्या वाचणाऱ्या बाई काल अर्धं पुस्तक वाचून उठल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, मी अशी फुसफुसते का हो?" मी म्हटलं, खोलीचा दोष असेल. ते म्हणाले, खोली नऊ वर्षं तीच आहे. मी म्हटलं, बाई फार जवळ बसत असतील. ते म्हणाले, मागे सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "तुमचे चार घेतलेत, चारही चावतात. एकच चावला असता तर मी फोन केला नसता. मंगळवारपर्यंत एक दुरुस्त करून पाठवता का? नाहीतर ती पुढच्या सहा माईकांची ऑर्डर राहू देऊ. आणि मला कुणी विचारलं तर खोटं बोलता येत नाही, एवढंच." फोन ठेवला तेव्हा बोर्डावर काळा डाग पडला होता आणि खोलीत जळकट वास भरला होता. चारही चावतात, हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दर वेळी ते तेवढंच खरं वाटलं.

मालेगावात बसून कुणी स्टुडिओचे माईक बनवत असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी हल्ली पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, आमचं मालेगाव जहांगीर, वाशीम रोडवरचं. इथं बियाण्यांची दुकानं आहेत, मोटरसायकली आहेत, आणि माझी एक दहा बाय बाराची खोली आहे. हॅलो-हॅलोवाल्या का, असं विचारतात. हॅलो-हॅलोवाले माझे वडील, मारोतराव. लग्नाला, भंडाऱ्याला, प्रचाराला त्यांचे भोंगे जायचे. मी बनवते ते माईक मिटल्या खोलीत बसून गाणाऱ्यांचे, पुस्तकं वाचून दाखवणाऱ्यांचे. परदेशी घ्यायला गेलं तर तो लाखाच्या पुढं जातो, माझा अठरा हजारांत मिळतो, आणि डोळे बांधून ऐकवलं तर दहातले सात जण माझाच उचलतील, हे मी छातीठोकपणे सांगत आले आहे. पितळी नळी अकोल्याचा खरादवाला कापून देतो. जाळी मी स्वतः वाकवते. बोर्डाचं सोल्डरिंग शेजारच्या बेबीबाई करतात. त्यांनी वीस वर्षं ब्लाऊजची काजं केली, त्यामुळे त्यांचा एक टाका वाया जात नाही. आतली चकती, जिला कॅप्सूल म्हणतात, तिला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते ती, सोन्याचा मुलामा दिलेली, आणि तिच्यावर नुसता उच्छ्वास पडला तरी माझा जीव वरखाली होतो. तीन वर्षांत त्रेचाळीस माईक झाले. प्रत्येकाच्या खोक्यात मी एक पुठ्ठ्याचं कार्ड टाकते: नंबर, तारीख, खाली 'कानाने जुळवलेला' आणि माझी सही, राखी मारोतराव. आवाजाची जाहिरात करणाऱ्या कंपन्या ग्राफ छापतात. मी सही करते. लोक काय विकत घेतात ते मला ठाऊक आहे. ते माझा कान विकत घेतात.

आणि कानाचं काम सगळ्यात शेवटी असतं. कॅप्सूल मुळात वरच्या बाजूला जरा तिखटच बोलते. स, श, च यांची टोकं वर काढते. ती टोकं बोथट करायला बोर्डात एक इवलासा कपॅसिटर बसतो. तो लहान घेतला तर तिखटपणा राहतो, मोठा घेतला तर आवाजावर घोंगडं पडतं. कुठला घ्यायचा हे प्रत्येक माईकला वेगळं ठरवावं लागतं, कारण दोन कॅप्सूल कधी सारख्या नसतात. माझे ते कपॅसिटर मसाल्याच्या डब्यात आहेत. सात वाट्या, सात मापं. डबा आईचाच, झाकण नीट बसत नाही म्हणून तिनं दिलेला. माईक उभा करायचा, समोर आईला बसवायचं, आईनं ठरलेलं वाक्य म्हणायचं, मी हेडफोन लावून ऐकायचं, कपॅसिटर बदलायचा, पुन्हा ऐकायचं. आई, म्हणजे गोजराबाई, या कामात तरबेज झाली आहे. ती न कंटाळता वीस-वीसदा तेच वाक्य तसंच म्हणते. माझा स्वतःचा आवाज चालत नाही, कारण आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो आणि फसवतो. बेबीबाई दर वेळी वेगळ्या चालीत म्हणतात. आणि मी ऐकताना आईकडं पाठ करून बसते. पुण्याला अकरा वर्षं एका साउंडवाल्याकडं माईक दुरुस्त करत होते तेव्हा ही सवय लावून घेतली. डोळे उघडे असले की ते कानाला लाच देतात. चमकदार माईक दिसला की तो गोड वाटतो, ओळखीचा चेहरा दिसला की त्याचा आवाज बरा वाटतो. म्हणून पाठ करायची, लॅपटॉपवर आवाजाबरोबर वरखाली होणारी रेघसुद्धा झाकून टाकायची, आणि फक्त ऐकायचं. ही माझी पद्धत. तिचा मला अभिमान होता, अजूनही आहे थोडा.

पुण्याच्या गृहस्थांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. त्या बाईंचा आवाज भरदार, पुस्तकातल्या पावसाळी घाटाचं वर्णन चाललेलं, आणि मधूनच सळसळ, शहारा, शेवाळ असले शब्द आले की कानात टाचणी. चावतो, हाच शब्द बरोबर होता. पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे त्यांच्या मशीनवर संशय घेतला. दुसरी, कुरिअरवाल्यावर. आपटला असेल, चकती ताणली असेल. चारही? मग मला आठवलं की पहिल्या वर्षी ग्राफ काढायचा स्वस्तातला माईक आणला होता, आणि त्याच्या रेघेनं प्रत्येक वेळी वरच्या बाजूला टेकाड दाखवलं होतं. प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, स्वस्तातला आहे, याला काय कळतं. तेव्हा मी हसले होते. आता हसू आलं नाही. मी उगाचच पंखा बंद केला, पुन्हा सुरू केला.

कान गेला असेल का आपला? हा विचार आला आणि बाकी सगळे विचार बाजूला झाले. सदतिसाव्या वर्षी कुणाचा जात नाही, पण मी लहानपणापासून भोंग्यांखाली वाढले. पोहरादेवीच्या यात्रेला बाबांचा सेट लागायचा, आणि मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्याबरोबर मचाणावर ॲम्प्लिफायरला टेकून बसायची. पाठ गरम व्हायची. खाली माणसंच माणसं, धूळ, तुपाचा आणि नारळाचा वास, आणि दर पाच मिनिटांनी कुणाचं तरी पोर हरवायचं. सूचना देणारा माणूस नाव पुकारायचा आणि बाबा ॲम्प्लिफायरची खुंटी पिळून आवाज तिखट करायचे. मी विचारायची, बाबा, असा कर्कश काहून करता? ते म्हणायचे, "गर्दीत गोड आवाज पोचत नाही पोरी. चावलं पायजे, तवा मानूस मान वळवते." ते खरंही होतं. हरवलेल्या पोराची आई शंभर हातांवरून धावत यायची. मग असं झालं असेल का, की तो यात्रेतला तिखटपणा माझ्या कानात मुरला आणि मी मिटल्या खोलीतल्या माणसांनाही मचाणावरून पुकारत बसले? बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्यावर खापर फोडणं सोपं होतं, आणि मी ते पाऊण तास मनापासून फोडलं. या पाऊण तासात मी काम बंद करायचंही ठरवून पाहिलं. पुण्याच्या साउंडवाल्याला फोन लावला असता तर त्यानं परत घेतलं असतं. इथले लोक म्हणाले असते, बरं झालं, आता तरी लग्नाचं पाहा. मग माझा मलाच राग आला. कान गेला की नाही हे घरबसल्या कळण्यासारखं होतं. फोनवर शिट्टीचे सूर लावून पाहिले. बारीकात बारीक सूर मला ऐकू आला, बेबीबाईंना आला त्यापेक्षा वरचा आला. कान जाग्यावर होता. अब्रूचं अजून काही कळत नव्हतं.

म्हणून चव्वेचाळिसावा माईक, जो कालच जुळवून झाला होता, तो मी स्टँडवर चढवला आणि बेबीबाईंना समोर बसवलं. त्यांना ठरलेलं वाक्य पाठ आहेच, रोज ऐकून ऐकून. सोमवारी सोयाबीन सोंगलं, शनवारी चिंचा फोडल्या. आईनंच ते रचलं, मी तिला सांगितलं होतं की स, श, च भरपूर पाहिजेत. बेबीबाईंनी ते म्हटलं आणि माझ्या कानात टाचण्या शिरल्या. रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं तर त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "बाप्पा, माहा आवाज असा हाय? मंग माहा नवरा बरोबरच म्हनते." त्यांना हसू आवरेना, मलाही आलं असतं, पण मी तोवर आईला हाक मारली होती. आई हात पुसत आली, स्टुलावर बसली, म्हणाली. मी नेहमीसारखी पाठ करून बसले होते. आवाज गोड आला. स मऊ, श मऊ, चिंचा अगदी चिंचेसारख्या. एकच माईक, एकच खोली, पाच मिनिटांचं अंतर. मी पुन्हा बेबीबाईंना बसवलं, टाचण्या. पुन्हा आईला, लोणी. असं तीनदा झालं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण यंत्राची चूक असती तर ती माणूस पाहून झाली नसती.

मी वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा आई म्हणत असताना मी वळून बसले. आई स्टुलावर दाराकडं तोंड करून बसली होती, दाराच्या चौकटीतून ओसरी दिसत होती, ओसरीवर खुर्चीत मोठे बाबा, माझे थोरले काका, बसले होते, आणि आई वाक्य म्हणत होती. मला काहीच वेगळं दिसलं नाही. मी लाजेनं सांगते, पण खरं सांगते. मी तिच्याकडं सरळ पाहत होते आणि मला काही दिसलं नाही, कारण जे होतं ते जन्मल्यापासून तसंच होतं. मग तिनं 'शनवारी' म्हटलं आणि तिच्या तोंडापुढचं कापड हललं. डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक तिनं उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून नाकाखालून आडवं घेतलं होतं. सुती लुगड्याचा जाडसर काठ. शब्द त्यातून गाळून येत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसा काखेत घेऊन त्रेचाळीस गावं पालथी घातली होती. कापडानं जेवढं तिखट खाल्लं तेवढं मी दर वेळी वाढवून टाकलं होतं. लहान कपॅसिटर, अजून लहान, हां, आता आई स्वच्छ ऐकू येते, बस, सही. आणि जगातल्या बाकी कुठल्याही उघड्या तोंडाच्या माणसासमोर तो माईक चावणारच होता.

मोठे बाबा म्हणजे माणिकराव, बाबांचे थोरले भाऊ. आईचे भासरे. शेती त्यांनी सांभाळली, म्हणून तर बाबांना भोंगे घेऊन हिंडता आलं. आता एकोणऐंशी पूर्ण झालेत, गुडघे गेले, मोठी आई गेली, मुलं अमरावतीला, आणि ते सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत ओसरीवर खुर्चीत असतात. आई आणि ते एकेचाळीस वर्षं एका घरात आहेत आणि एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. भांडण नाही. उलट दोघांना एकमेकांची फार काळजी. भासऱ्यासमोर भावसून बोलत नाही, तोंड उघडं ठेवत नाही, एवढंच. आमच्या पिढीत हे कुठंच राहिलं नाही, पण या दोघांनी ते सोडायचं कुणी सांगितलं नाही म्हणून सोडलं नाही. मोठे बाबा म्हणतात, "राखी, तुह्या मायले सांग, भाजीत तिखट कमी टाक." आई चार हातांवर असते, तिला ऐकू येतं, तरी मी सांगायचं. आई म्हणते, "राखी, तुह्या मोठ्या बाबाले सांग, गोळी घ्या म्हना." बाबा गेले आणि मी अजून पुण्याहून परतले नव्हते त्या सात महिन्यांत हे दोघं मांजरीशी बोलून संसार रेटत होते, असं बेबीबाई सांगतात. "चहा झाला बरं माऊ," असं आई म्हणायची आणि मोठे बाबा कप उचलायचे. मी हे पुण्यातल्या मैत्रिणींना गंमत म्हणून सांगायची. जीन्स घालून, मोटरसायकलवर वाशीमला जाऊन, पितळ आणि कपॅसिटर यांच्यात रमून मी समजत होते की पदर नावाची गोष्ट माझ्या आयुष्यात नाही. ती तर माझ्या प्रत्येक माईकमध्ये सोल्डर केलेली होती.

आणि मग एकदम धनज आठवलं. धनज आईचं माहेर. मी सात-आठ वर्षांची असेन, मामाच्या घरामागं कडुनिंबाखाली आम्ही पोरं खेळत होतो आणि माडीवरून कुणीतरी बाई खणखणीत ओरडली, राखे, ए राखे, जेवाले ये. आवाज असा, की शेताच्या बांधापर्यंत गेला असता. मला वाटलं, कुणी मामी असेल. वर पाहिलं तर आई. डोकं उघडं, वेणी पाठीवर, दोन्ही हात कठड्यावर. माहेरी लेकीला पदर नसतो. मी तिला ओळखलं नाही याचं तेव्हा मला हसू आलं होतं, आणि संध्याकाळी एसटीतून घरी परतताना मी ते विसरलेही होते. इथं घरात ती स्वयंपाकघरातसुद्धा हळूच बोलते, ओसरी भिंतीपलीकडंच आहे म्हणून. ती रागावली तरी हळू रागावते. आईचा आवाज म्हणून जो मला माहीत होता, ज्यावर मी माझा कान घडवला, ज्याच्यावर सही केली, तो आवाज आईचा नव्हताच पुरता. मला एकाच वेळी लाज वाटली आणि फार सुटल्यासारखं वाटलं, कारण माझा कान खरा होता. त्यानं जे ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं.

पुण्याला मी लगेच फोन लावला. म्हटलं, "दोष माझा आहे. चारही परत पाठवा, मंगळवारी नाही, पण पुढच्या शुक्रवारी चारही दुरुस्त होऊन तुमच्याकडं असतील. बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही मी आज फोन करून बोलावून घेते आहे." एवढं सगळं परत बोलावणारा कारागीर त्यांना भेटला नसावा. "कसला दोष निघाला पण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माईक आणि आवाजाच्या मधे कापड होतं." त्यांना वाटलं, जाळीच्या आतलं कापड. मी वाटू दिलं. ते म्हणाले, "मग त्या सहांची ऑर्डर आहे तशीच ठेवा. मी थांबतो." मी फोन ठेवला. आता एकच गोष्ट उरली होती. कापडानं नेमकं किती खाल्लं हे मोजायचं तर तोच गळा हवा होता, पदराशिवाय. ते एकदा कळलं की त्रेचाळीसांची माझी वही समोर आहे, कुठल्यात कुठली वाटी वापरली ते लिहिलेलं आहे, मला प्रत्येकाचं औषध बसल्या जागी सांगता आलं असतं.

"आई," मी म्हटलं, "तू दर वेळी पदर धरून बोलत होती काय?"

"मंग कसं बोलू? थे बसून हायेत ना भाईर."

"तू इतकं हळू बोलतं, त्यायले तिथं आयकू येत नाही, आई."

"दिसते तं."

मी म्हटलं, दार लावतो मी. आई माझ्याकडं अशी पाहायला लागली की जणू मी खुर्चीसकट म्हाताऱ्याला रस्त्यावर टाकते म्हणाले. "त्यायच्या तोंडावर दार? एकेचाळीस वर्सांत नाही लावलं, आता लावतं?" मग मी म्हटलं, त्यायले म्हनतो, घडीभर चौकात जाऊन बसा. "त्यायचे गुडघे तं पाह्य. म्हाताऱ्या मानसाले घराभाईर काढतं काय, तुह्या डबड्यापायी?" माझा पारा चढला. डबडं म्हणाली याचा नाही, ती बरोबर बोलत होती याचा. बेबीबाई मान खाली घालून उगाचच तार सोलत बसल्या. मी आईला सगळं सांगितलं. स म्हणजे काय, कापड काय खातं, मी काय वाढवलं, पुण्याच्या बाई काय म्हणाल्या. ती डोळे बारीक करून ऐकत होती, पदर अजून बोटांतच होता. सोयाबीनचा भाव समजून घेते तसं तिनं ते समजून घेतलं.

"किती गेले हे भाईर?" तिनं विचारलं.

"त्रेचाळीस."

"कुठं कुठं?"

"पुणे, नाशिक, नागपूर. एक बंगलोरले."

"सगळ्यायत माहा पदर गेला म्हन." ती थोडी हसली असावी, डोळ्यांवरून तसं वाटलं. मग हसू गेलं. "तीन वर्सं झाले, तू पाठ करून बसते. मले वाटलं, तुले असंच पायजे. एकदा तरी म्हनलं का, पदर काढून बोल म्हनून?"

"म्हनलं असतं तरी नसता काढला तू."

"नसता काढला," आई म्हणाली. "पन म्हनलं तं असतं."

मला खरोखर रडू आलं, आणि ते लपवायला मी हेडफोन चढवला आणि लॅपटॉपवरचं फडकं काढून रेघ उघडी केली. पाठ मात्र केली नाही. आईनं एकदा ओसरीकडं पाहिलं. मोठ्या बाबांचा एक पाय दिसत होता, चपलेतून अर्धा बाहेर काढलेला, आणि गुडघ्यावरची पंच्याची घडी. मग तिनं बोटांतलं टोक सोडलं, पदर डोक्यावरून मागं घेतला, खांद्यावरून ओढून कमरेला खोचला, शेतात काम सुरू करायच्या आधी बाया खोचतात तसा घट्ट, आणि स्टुलावर ताठ बसली. तिचे केस पुढून किती पांढरे झालेत ते मला तेव्हा दिसलं.

"सोमवारी सोयाबीन सोंगलं," आई म्हणाली, "शनवारी चिंचा फोडल्या."

मला एका कानावरचा हेडफोन उचलावा लागला. रेघ खाटकन वर गेली. तिच्या समोरच्या दातांत फट आहे हे मला माहीत होतं, त्या फटीतून स कसा येतो ते माहीत नव्हतं. तो पातळ, धारदार, मजेशीर येत होता, आणि त्याच्या मागं धनजच्या माडीवरचा तो अख्खा आवाज होता, वयानं जरा चरचरीत झालेला. माईक कडकडून चावत होता. कुठली वाटी लागणार हे मला ऐकताक्षणीच कळलं, डब्यात दोन घरं पुढची, मोठ्या मापाची, आणि जवळजवळ सगळ्यांना तीच लागणार होती. मी हात वर करून तिला थांब म्हणणार, तेवढ्यात तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं. ओसरीवरची खुर्ची करकरली.

"राखी," मोठ्या बाबांनी हाक मारली. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, घरात पाहुणी आली असताना आपल्याला कुणी सांगितलं नाही असं वाटल्यासारखं. "कोन आलं वं? कोन बोलून राह्यलं?"

सवयीनं मी तोंड उघडलं. निरोप सांगायचं काम माझं. आईनं हात करून मला थांबवलं, आणि स्टुलावरच वळून, उघड्या तोंडानं दाराकडं पाहिलं.

"मी व्हय," आई म्हणाली. "गोजरा."